स्क्रीनवर मला काहीच दिसलं नव्हतं, काका

काका, तुमच्या अंत्ययात्रेत लोक रडले ते रडलेच, पण त्याहून जास्त वेळ ते एकमेकांना आपापलं अंग दाखवत होते. लाकडं रचून होईपर्यंत सगळे कडुनिंबाच्या सावलीत उभे. एकानं शर्टाची बाही वर करून काख दाखवली, "अठी टोचली होती डॉक्टरनं. मुंगीही नाही चावली, बावा." दुसऱ्यानं मानेवर बोट ठेवलं. लोधीखेड्याचे ते रिटायर गुरुजी तर कमरेची जागा दाखवायला धोतरालाच हात घालून राहिले होते, तेव्हा त्यांच्या मुलानं त्यांना आवरलं. बायका आपल्याकडे घाटावर जात नाहीत, पण मी गेली, अन् मला कोणी अडवलं नाही. तिथं उभ्या उभ्या मला हसू आलं, मग रडू आलं, मग पुन्हा हसू. सौसर-पांढुर्ण्याच्या अर्ध्या लोकांना तुम्ही कधी ना कधी बधिर केलं होतं, अन् ते सगळे चांगल्या शुद्धीत तुम्हाला पोचवायला आले होते.

तुमची तेरवी होऊन चार दिवस झाले, तरी माझा राग गेला नाही. भांडण अर्धं टाकून उठून जाऊ नये, एवढी साधी रीत तुम्हाला माहीत नसावी? रविवारी दुपारी जेवून आडवे झाले, चार वाजता काकू चहा घेऊन आल्या तर तुम्ही नव्हतेच. चाळीस वर्षं दुसऱ्यांना झोपवलं अन् उठवलं, अन् स्वतःच्या बाबतीत मात्र अर्धंच काम केलं. वरून चहा वाया गेला.

आता जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं तुम्हाला माहीत आहे. पण मला पहिल्यापासून सुरुवात केल्याशिवाय भांडता येत नाही, हेही तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही बाबांचे मित्र, म्हणून घरी काका. मी नागपूरहून भुलीची डॉक्टर होऊन परत आली, तेव्हा ऑपरेशन थिएटरात तुम्हाला सर म्हणायला गेली. तुम्ही भरलेली सिरिंज खाली ठेवली अन् म्हणाले, "सर कोण वं? मी तुले शेंबडी पाह्यलं हाये." पुष्पा सिस्टर तोंडाला मास्क असूनही दिसेल इतकी हसली. तेव्हापासून तिथंही काकाच.

आपलं भांडण पहिल्याच आठवड्यात लागलं. हात मोडलेल्या माणसाला पूर्ण बेशुद्ध करायची गरज नसते. काखेत नाहीतर मानेजवळ हाताच्या नसा जातात, त्यांच्याभोवती औषध सोडलं की हात तेवढा झोपतो अन् माणूस जागा राहतो. यात आपलं दुमत नव्हतं. दुमत होतं सुईवर. तुम्ही सुई बोटांनी नेत होते. कातडीवर दोन बोटं टेकवलेली, डोळे छताकडे, तोंडानं पेशंटच्या मामाच्या जावयाची चौकशी, अन् सुई आत. पेशंट "अरे बाप, करंट लागला!" म्हणून ओरडला की तुमचा चेहरा खुलायचा. "हां, सापडलं घर." अन् इकडे माझ्या अंगावर काटा. अहो, करंट लागला म्हणजे सुई नसेला टेकली! नस दुखावली तर बोटं महिनोन् महिने मुंग्या आल्यासारखी राहतील, हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं. तुम्ही म्हणायचे, "राह्यली काय कोणाची?" अन् माझ्याजवळ दाखवायला एकही माणूस नसायचा, हेच माझं दुर्दैव.

म्हणून मी पांढुर्ण्याच्या दवाखान्यात सोनोग्राफीचं मशीन आणायला लावलं. प्रोब कातडीवर टेकवला की पडद्यावर नस, रक्ताची शीर, धमनी अन् सुई सगळं दिसते. माझा नियम एकच होता: सुईचं टोक दिसत नसेल तर सुई केसभरही पुढे जाणार नाही. सुईचा दांडा दिसला म्हणजे टोक दिसलं, असं नसते. टोक कुठंतरी भलतीकडेच फिरत असते. तुम्ही त्या मशीनला टीव्ही म्हणत होते.

"टोक नाही दिसलं तं मंग काय करतं तू?"

"थांबते."

"अन् पेशंट?"

"तोही थांबते."

"अन् हाडांचा डॉक्टर?"

"तो चहा पिते."

"म्हणूनच त्याचं पोट वाढून राहिलं," तुम्ही म्हणाले, अन् हाडांच्या डॉक्टरसाहेबांनी दाराआडून ते ऐकलं होतं.

ते मशीन कायद्यानं पांढुर्ण्याच्याच पत्त्यावर नोंदलेलं, त्याला उंबरठा ओलांडायची परवानगी नाही. त्यामुळे पांढुर्णा माझं अन् सौसर तुमचं, अशी वाटणी झाली. पण पेशंट ओळखीचा असला की तुम्ही त्याच्यासोबत पांढुर्ण्याला यायचेच. टेबलासमोर भिंतीवर सरकारी नियमाचा मोठा बोर्ड: येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही. त्या बोर्डाखाली एकदा कोपर मोडलेला म्हातारा झोपला होता. पडद्याकडे पाहून त्यानं हळूच विचारलं, "काय हाये जी?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणाले, "सांगता येत नाही, दाजी. कायदा हाये." म्हाताऱ्यानं समजूतदारपणे मान हलवली. मला सुई बाहेर काढून हसून घ्यावं लागलं.

पण खरी चीड मला तुमच्या बोलण्याची यायची. सुई आत असेपर्यंत तुम्ही पेशंटला गप्प बसू देत नव्हते. कोणत्या गावचा, कोणाचा कोण, आत्याच्या घरी लग्न कधी, संत्र्याला बहार कसा, जावई पितो का. मी सुई धरलेली असली तरी तुम्ही डोक्याशी स्टूल टाकून बसायचे अन् पंचायत सुरू. मला वाटायचं, गावगप्पा आहेत. मी वैतागून दारावर चिठ्ठी लावली, "कृपया शांतता राखा". तुम्ही ती पेशंटला मोठ्यानं वाचून दाखवली, अन् मग चिठ्ठी लिहिणारी कोणाची पोरगी, तिच्या आजोळचं गाव कोणतं, इथून पुढची चर्चा चालू केली. एकदा मी फारच भडकली तेव्हा तुम्ही एवढंच म्हणाले होते, "बोलून राहिला तोवर बरा हाये तो." मला वाटलं, ही पण एक थट्टाच.

आता गणपतराव. चार वर्षं झाली, पण तो दिवस मला आजही घाम फोडते.

रामाकोन्याचे गणपतराव. कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये हात गेला, दोन बोटांचा चेंदा. ते तुमच्या ओळखीचे, म्हणून तुम्ही सौसरहून त्यांच्यासोबतच गाडीत आले. मी काखेत प्रोब ठेवला. चित्र असं सुरेख आलं म्हणता, पुस्तकात छापावं असं. नसा गोल गोल, मधमाशीच्या पोळ्यासारख्या. सुईचं टोकही दिसलं. निदान मला तसं वाटलं. सुई शिरेत तर नाही ना म्हणून सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून पाहिला, रक्त आलं नाही. थोडं औषध सोडलं. पुन्हा थोडं.

गणपतराव तुम्हाला पोरीची सोयरीक सांगून राहिले होते. "पाव्हणा आला, डॉक्टर. सात पुरणपोळ्या खाल्ल्या. सात! वर तुपाची वाटी. अन् हात धुतला अन् म्हणे..."

अन् गणपतराव थांबले.

मला ते समजलंही नाही. उलट बरं वाटलं, शांतता झाली एकदाची. तेवढ्यात तुमचा हात माझ्या मनगटावर पडला. "थांब."

"काका, चित्र छान येऊन राहिलं आहे."

"थांब म्हणतो ना!"

तुमचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. मी थांबली. तुम्ही वाकून विचारलं, "गणपतराव, मंग? काय म्हणे पाव्हणा?" गणपतराव ओठ चाटून राहिले होते. जीभ जड. "डॉक्टर... तोंडात लोखंड आल्यावानी... कानात शिट्टी वाजून राहिली."

मी प्रोबचा दाब सैल केला. अन् पडद्यावर, जिथं काही नव्हतं तिथं, एक काळा गोल तोंड उघडल्यासारखा मोठा झाला. शीर होती ती. चित्र सुरेख यावं म्हणून मी प्रोब इतका दाबला होता की शीर पापडासारखी चपटी झाली होती. म्हणून दिसली नाही, म्हणून रक्तही आलं नाही. सुईचं टोक तिच्या आत होतं, अन् मी औषध सरळ त्यांच्या रक्तात सोडत होती. औषध नसेभोवती पसरताना दिसलं नाही तर तिथल्या तिथं थांबायचं, हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी स्वतः दुसऱ्यांना शिकवलं आहे. अन् मी त्या वेळी चित्राचं कौतुक करत बसली होती.

सुई बाहेर. ऑक्सिजन. पुष्पा सिस्टर झटके आले तर द्यायचं औषध भरून उभी, अन् भुलीच्या औषधाच्या विषबाधेवर द्यायची ती पांढरी दुधासारखी बाटली कपाटातून घेऊन आलेली. ती लागली नाही. मी थोडं थोडं सोडत होती, तेवढी एक अक्कल देवानं शिल्लक ठेवली होती. पंधरा-वीस मिनिटांनी गणपतरावांची जीभ मोकळी झाली, अन् त्यांनी डोळे उघडून पहिलं वाक्य काय पूर्ण करावं? "...म्हणे, पोळ्या बऱ्या हायेत, पोरीचं विचार करून सांगतो." अख्खं थिएटर हसलं. मी भिंतीला टेकून उभी होती.

तेवढ्यात हाडांचे डॉक्टरसाहेब हात धुऊन आत आले. "काय झालं?"

अन् मी बोलली, "औषध शिरेत जात होतं. पडद्यावर पसरताना दिसलं नाही, म्हणून मी लगेच थांबली."

प्रत्येक शब्द पुस्तकाप्रमाणे बरोबर होता, काका, अन् सगळं मिळून खोटं होतं. तुम्ही मनगट धरलं तेव्हा पुष्पा सिस्टर बाहेरच्या कपाटाशी होती, तिला ना ते दिसलं ना ऐकू आलं. तुम्ही पाहिलं माझ्याकडे. फार नाही, एका श्वासाएवढं. मग म्हणाले, "हाव. पोट्टीचं लक्ष असते." अन् स्टूल भिंतीशी सरकवून चहाला निघून गेले.

का बोलली मी खोटं? लाज वाटली. दोन वर्षं तुमच्या बोटांना नावं ठेवली होती, आता त्याच बोटांनी माझं मनगट धरलं होतं. अन् भीती वाटली. पेशंटचे लोक तेव्हाही मला विचारायचे, "मोठे डॉक्टर कवा येतीन?" त्यांना हे समजलं असतं तर मला कोणी बोटातला काटाही काढू दिला नसता. ही कारणं खरी आहेत. पण त्यांनी काही माफ होत नाही, हे मला त्याच वेळी कळत होतं.

डॉक्टरसाहेबांनी तो किस्सा गावभर केला. मॅडमच्या टीव्हीनं माणूस वाचवला. होता होता सौसरचे लोकही म्हणायला लागले, आम्हाला टीव्हीवालीच भूल पाहिजे, अन् हात मोडला की पांढुर्ण्याची गाडी धरायला लागले. तुमचा फोन वाजेनासा झाला. काकू एकदा हसत हसत म्हणाल्या, "आताशा घरीच असतात. माह्या मागं मागं फिरतात अन् विचारतात, आज वरणात हिंग टाकला का." मीही हसली. घरी येऊन जेवली नाही.

बदलली मात्र मी. प्रोब हलका धरायला शिकली. औषध सोडायच्या आधी दाब सैल करून पाहायचं, लपलेली शीर उघडते का. दर खेपेला, एकही न चुकवता. दारावरची चिठ्ठी काढली. अन् पेशंटला बोलतं ठेवायला लागली. तुमच्यासारखी तीन पिढ्यांची सोयरीक मला पाठ नाही, म्हणून मी विचारते, आज घरी भाजी कोणती. वांग्याच्या भाजीवर माणूस वीस मिनिटं आरामात बोलते. भेंडीवर मात्र कोणी फारसं बोलत नाही.

मागच्या वर्षी तुम्ही स्कूटर स्टँडवर लावायला गेले अन् स्टँड लावायलाच विसरले. स्कूटर अन् तुम्ही दोघंही सोबत पडले, स्कूटरला काही झालं नाही. मनगट मोडलं. सगळे म्हणाले नागपूरला न्या. तुम्ही म्हणाले, "पांढुर्ण्याले चला. भूल आपली पोट्टी देईन."

त्या बोर्डाखाली तुम्ही झोपले. माझा हात त्या दिवशी जितका थंड होता तितका परीक्षेतही नव्हता.

"टोक दिसून राहिलं का?"

"दिसते."

"मले तं नाही दिसत."

"चष्मा काढला आहे तुमचा, काका."

"मंग आधी चष्मा लाव, मंग सुई लाव."

लावला चष्मा. तुम्ही मान वळवून पडद्याकडे पाहत राहिले. बराच वेळ बोलले नाही, तशी मी घाबरून विचारलं, "काका? काय झालं? भाजी कोणती केली आज?" तुम्ही म्हणाले, "हे नस हाये काय वं? चाळीस वर्षं हिले अंधारात शोधून राहिलो मी. मले वाटे, मोठी असन." मग जरा थांबून, अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "दाब कमी कर."

त्या तीन शब्दांचा अर्थ त्या खोलीत आपल्या दोघांनाच माहीत होता. तीच वेळ होती, काका. तेव्हाच म्हणायचं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं अन् पडदा धूसर झाला. मी सुई जागीच धरली.

"काहून थांबली?"

"टोक दिसत नाही."

"मंग थांब. घाई नाही कोणाले."

पुष्पा सिस्टरनं माझे डोळे पुसले, तिला वाटलं घाम आहे. मी सुई पुढे नेली, औषध सोडलं, तुमचा हात झोपला, अन् मी काही बोलली नाही. नंतर बोलू, असं म्हटलं मनाशी. वर्ष गेलं त्या नंतरमध्ये.

परवा दवाखान्यात तुमची शोकसभा होती. टेबलावर तुमचा फोटो, हार, अन् तुम्हाला आवडतात म्हणून कोणीतरी आलूबोंडे ठेवलेले. डॉक्टरसाहेब बोलायला उभे राहिले. चांगलं बोलले, मनापासून बोलले. अन् मग म्हणाले, "जुन्या पद्धतीचे होते आपले काका, पण मन मोठं. गणपतरावच्या वेळी मॅडमनं स्क्रीनवर पाहून पेशंट वाचवला, तेव्हा सगळ्यांसमोर तिचं कौतुक करणारे पहिले तेच होते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी वाजवल्या, काका, तुमच्या फोटोसमोर.

मी उठली. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. "साहेब, स्क्रीनवर मला काहीच दिसलं नव्हतं. मी प्रोब दाबून शीर लपवली होती. गणपतराव बोलता बोलता थांबले, ते काकांना ऐकू आलं, मला नाही. त्यांनी माझं मनगट धरलं. मी चार वर्षं खोटं बोलून राहिली आहे." एवढं बोलून बसली. मागच्या रांगेत गणपतराव बसले होते, ते शेजारच्याला म्हणाले, "मले तं पाव्हण्याचंच आठवते. लग्न झालं ना मंग पोरीचं." त्यांच्या मनात तेवढंच होतं.

सभा उठल्यावर मी काकूंजवळ गेली. पायाशीच बसली. म्हटलं, "काकू, मला माफ करा." काकू माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "मले तं त्याच दिवशी सांगतलं होतं ह्यायनं."

"मग मला काहून नाही बोलले ते? मी त्यांचं काम घेतलं, काकू."

"मी म्हटलं ना त्यायले. म्हटलं, पोरीले खडसावा, लोकायले खरं सांगा. तं म्हणे, नोको. खोटं बोललेला माणूस सुई लय जपून टोचते. राहू दे तिले तशीच, म्हणे, लोकायचे हातपाय सलामत राहतीन."

काका, असा कोणी उपचार करते का? चार वर्षं तुम्ही मला त्या एका खोट्यावर ठेवलं, पेशंटला सलाइनवर ठेवावं तसं, अन् स्वतः घरात हिंगाची चौकशी करत बसले. तुमचा राग येते. अन् खरं सांगू, इतकी माया माझ्यावर बाबांनीही केली नसेल. त्या चार वर्षांत माझ्या हातून एकाही माणसाची शीर लपून राहिली नाही, कारण दर वेळी मला वाटायचं की तुम्हाला माहीत आहे.

उद्या सकाळी नऊला एक बाई आहे, मनगटाचीच. अन् मी तर आता सगळ्या गावाला सांगून मोकळी झाली, काका. आता सुई जपून टोचावी म्हणून मला भीती कोणाची वाटेल?